छत्तीस पानांचा तक्ता

धाकटीने पाचही पानं टेबलावर उलगडली आणि बटणांच्या ढिगाकडे हात नेला. पाचही इस्पिकची होती. एक्का, दश्शी, नव्वी, सत्ती आणि पंजी.

"अगं ताई, कुठे निघालीस माझी बटणं घेऊन?" रफूवालीने तिच्या मनगटावर हलकी चापट मारली आणि स्वतःची पानं टाकली. तीन नव्व्या, दोन गुलाम. "फुल हाऊस आहे माझं."

"असेना. माझा फ्लश आहे. फ्लश वर."

रफूवाली हसायला लागली. मग तिने बटणं स्वतःकडे ओढली.

हे चाललं होतं एका हॉटेलच्या तळघरातल्या लाँड्रीत. वरच्या सात मजल्यांच्या चादरी, अभ्रे, टॉवेल आणि पाहुण्यांचे शर्ट रोज इथे उतरायचे आणि रोज इथून वर जायचे. जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची. पंधरा मिनिटांत डबा संपवायचा, उरलेल्या पंधरा मिनिटांत पोकर. पैसे लावायला मनाई होती, म्हणून पाहुण्यांच्या कपड्यांची तुटलेली बटणं लावत. काचेची बरणीभर बटणं होती. शर्टाचं पांढरं बटण म्हणजे एक, कोटाचं मोठं म्हणजे पाच, आणि पितळी असलं तर दहा. धाकटी या खेळात कधी बसत नसे. ती इस्त्रीच्या रोलरवर चादरी सोडायचं काम करायची, सकाळी सहापासून उभी असायची, आणि सुट्टी झाली की पालथ्या टोपलीवर पाय ठेवून डोळे मिटून घ्यायची. आज चादरींची गाडी ढकलणारा गाडीवाला रजेवर होता आणि चौथा भिडू हवा होता, म्हणून तिला धरून बसवलं. हिला धाकटी म्हणायचं ते घरच्या नात्याने. बाई अठ्ठेचाळीस वर्षांची होती, केस कानामागे पांढरे झाले होते, पण घरातली धाकटी ती धाकटीच राहते.

"आमच्याकडे फ्लश वर असतो," ती पुन्हा म्हणाली. तिला बटणं नको होती. पण चुकीचं ते चुकीचं.

"तुमच्याकडे म्हणजे कुठे?"

"घरी. बाबांनी तक्ता करून लावलाय. आकड्यांसकट."

आता बॉयलरवाल्याने मान वर केली. हा माणूस तीस वर्षं वाफेच्या दाबाचे काटे वाचत आला होता आणि आकड्यांचं नाव काढलं की त्याला तरतरी यायची. "आकडे म्हणतेस तर आकडे घे," तो म्हणाला. एका शर्टाला बांधायची कोरी चिठ्ठी ओढून त्याने कानामागची पेन्सिल काढली. "बावन्न पानांतून पाच पानं उचलायचे प्रकार सव्वीस लाखाला थोडे कमी. त्यातल्या निम्म्या वेळा तुझ्या हातात काहीच येत नाही. साधी जोडी येते ती दहांत चार वेळा. दोन जोड्या त्याहून कमी. तीन सारखी पानं त्याहून कमी, ओळीने पाच त्याहून कमी. इथपर्यंत पटतं?"

"पटतं. आमचंही तसंच."

"पाचही एका रंगाची, म्हणजे तुझा फ्लश, त्याचे प्रकार पाच हजार एकशे आठ. तीन सारखी आणि दोन सारखी, म्हणजे हिचं फुल हाऊस, त्याचे तीन हजार सातशे चव्वेचाळीस. त्याच्यावर चार सारखी, आणि सगळ्यांत वर एका रंगाची ओळीने पाच. जे कमी वेळा येतं ते वरचं. पोकरमध्ये याच्यापलीकडे काही शास्त्र नाही, ताई. बाकी सगळं चेहरा कोरा ठेवायचं काम."

"ते हिला छान जमेल," रफूवाली म्हणाली. "चार वर्षांत हिच्या चेहऱ्यावरची रेष हललेली मी पाहिली नाही."

सगळे हसले, धाकटीही हसल्यासारखं करून उठली. चिठ्ठी तिने एप्रनच्या खिशात टाकली. उजव्या गुडघ्यातून कळ आली तसा तिने टेबलाचा आधार घेतला. बाबा चुकले असतील हे तिला पटत नव्हतं. बाबांनी आता मुलीला ओळखणं सोडलं होतं, पण आकड्यांत चुकणारा माणूस तो नव्हे.

तीन वाजता पाळी संपली. साडेतीनला ती घरी पोहोचली. खालच्या मजल्यावरची बाई बाबांजवळ बसायची, ती चप्पल घालून तयारच उभी होती.

"आज दोनदा बाहेर जायला निघाले," ती म्हणाली. "ट्रक आलाय म्हणाले. मी म्हटलं, ट्रक गेला मघाशी, तुम्ही बसा. मग बसले."

"जेवले?"

"अर्धं. अर्धं खिशात घातलं."

धाकटीने बाबांच्या खिशातून भात काढला, सदरा बदलला, हात पुसले. बाबा सगळं मुकाट्याने करून घेत होते. मग म्हणाले, "बाई, तुम्ही फार कष्ट घेता. तुमच्या घरी कोण आहे?"

"वडील आहेत," ती म्हणाली. हे उत्तर ती रोज द्यायची.

"मग जा तुम्ही. ते वाट बघत असतील."

यावर ती पूर्वी रडायची. मग रडणं बंद झालं आणि हसू यायला लागलं, मग तेही बंद झालं. आता ती सदरा बादलीत टाकायची.

बाबा उमेदीच्या वयात ट्रकांच्या वजनकाट्यावर कारकून होते. भरलेला ट्रक येणार, त्याचं वजन लिहायचं, रिकामा ट्रक जाणार, त्याचं वजन लिहायचं, आणि दोन ट्रकांच्या मध्ये अर्धा-अर्धा तास माश्या मारायच्या. बाबांनी माश्या मारल्या नाहीत. त्यांनी चौकटीच्या वहीत पोकरचे सगळे हात मोजून काढले, हाताने, आणि त्यांची उतरंड लावली. तो तक्ता त्यांनी मोठ्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. आणि घरात एक पद्धत घातली. कुठलीही कटकट झाली की एक डाव टाकायचा. पाच पानं, बदलायची नाहीत, पुन्हा वाटायची नाहीत, पानं उघडी करून दाखवायची, आणि निकाल लागला की कुणी ब्र काढायचा नाही. भांडी कोण घासणार, खिडकीजवळ कोण झोपणार, रद्दी कोण देऊन येणार, सगळं पानांवर. दादाने पुढे कुठे शिकायला जायचं तेही डावावरच ठरलं. धाकटीचं लग्न राहिलं ते मात्र डावावर ठरलं नव्हतं, ते आपोआप राहिलं. शेजारच्या घरांतून भांडणाचे आवाज यायचे आणि आई कौतुकाने म्हणायची, आमच्याकडे आवाज नाही हो कधी. खरंच नसायचा. सहा मिनिटांत निकाल आणि शांतता.

चार वर्षांपूर्वी आई गेली. ती इस्पितळात पडून होती तेव्हाच लक्षात आलं की बाबांचा विसराळूपणा ती किती दिवस पदराआड लपवत होती. ती गेली त्या दिवशी इस्पितळाच्या मागच्या बाकावर दादा आणि धाकटी बसले होते. बाबा कुणाकडे राहणार हा प्रश्न दोघांच्या मध्ये येऊन बसला होता आणि कुणी त्याच्याकडे बघत नव्हतं. शेवटी दादा उठला, फाटकाजवळच्या दुकानातून पत्त्यांची नवी गड्डी घेऊन आला. हरणाऱ्याने बाबांना सांभाळायचं. पाच-पाच पानं वाटली. धाकटीकडे फुल हाऊस आलं, तीन अठ्ठ्या आणि दोन राण्या. हिला वाटलं सुटले. दादाने पानं टाकली, पाचही बदाम. फ्लश. तक्त्याप्रमाणे फ्लश वर. ती "बरं" म्हणाली आणि भाड्याची खोली सोडून बाबांच्या घरी राहायला आली.

त्याला आता चार वर्षं झाली होती. रात्री दोनदा उठायचं, पहाटे साडेचारला उठायचं, दिवसभर उभं राहायचं. जीव मेटाकुटीला आला होता. गुडघ्यातलं हाड झिजलं होतं आणि डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सांगितली होती, नंतर सहा आठवडे उभं राहायचं नाही. गेल्या वर्षीची तारीख तिने सोडली कारण दादाला त्या महिन्यात जमणार नव्हतं. आता पुन्हा तारीख मिळाली होती, येत्या बुधवारची. ही सोडली तर वर्षभर पुढची नाही असं इस्पितळातून बजावलं होतं. तिने दादाला फोन केला. दादा म्हणाला, "बघू. रविवारी येतो. डाव टाकू."

डाव टाकू. तिने फोन ठेवला होता आणि तशीच उभी राहिली होती.

आज तिने कपाट उघडलं. तक्ता पिवळा पडला होता, कोपरे कुरतडलेले, पण अक्षर खणखणीत होतं. खालून वर: काही नाही, जोडी, दोन जोड्या, तिकडी, ओळ, फुल हाऊस, फ्लश, चौकडी, रंगाची ओळ. फुल हाऊसपुढे लिहिलं होतं एक हजार सातशे अठ्ठावीस. फ्लशपुढे चारशे चौऱ्याऐंशी. तिने खिशातली चिठ्ठी काढून शेजारी धरली. एकही आकडा जुळेना. जोडीच्या ओळीपुढे बाबांनी बारीक अक्षरात टीपही लिहिली होती: "नियमाने पाहता 'काही नाही' हे जोडीपेक्षा दुर्मीळ, म्हणून वर हवे. परंतु घरात काही नसलेला माणूस जिंकणार नाही, असा सौ.चा हुकूम." धाकटीला चार महिन्यांत पहिल्यांदा खरं हसू आलं. हसता हसता तिची नजर तळाशी गेली. तिथे फिकट निळ्या शाईत एक ओळ होती. लहानपणापासून ती ओळ तिथे होती आणि कुणी वाचली नव्हती, कारण वाचायची गरजच नव्हती.

"गड्डी छत्तीस पानांची. दुर्री ते पंजी वगळून."

घरची गड्डी तशीच होती हे ती विसरलीच होती. छक्कीपासून एक्क्यापर्यंत. लहान पानं बाबांनी पहिल्या दिवशीच काढून टाकली होती. पोरं लहान होती, पूर्ण गड्डीत निम्म्या वेळा हात रिकामा येतो, मग पोरं हिरमुसतात, रडतात. सोळा पानं काढली की तिघांतल्या दोघांच्या हाताला काहीतरी लागतं. म्हणून काढली. आणि पानं काढली की मोजणी बदलते, मोजणी बदलली की उतरंडही बदलते. बाबांनी बदलली. बाबा बरोबर होते. बॉयलरवालाही बरोबर होता.

इस्पितळाजवळच्या दुकानातली गड्डी मात्र नवी होती.

धाकटी पलंगावर बसली. ते पाच बदाम तिला दिसायला लागले. राजा, गुलाम, नव्वी, छक्की. आणि पाचवं पान? पाचवं पान तिर्री होती. बदाम तिर्री. त्या दिवशी ते पान बघून तिला क्षणभर काहीतरी विचित्र वाटलं होतं, असलं पान आपल्या डावात कधी बघितलं नव्हतं म्हणून, आणि आई आत झाकून ठेवलेली असताना तिर्रीचा विचार कोण करणार. तिर्री होती म्हणजे गड्डी बावन्नची होती. बावन्नची होती म्हणजे फुल हाऊस वर. म्हणजे तो डाव तिने जिंकला होता.

"बाई," बाबा खुर्चीतून म्हणाले, "तुमचं काही हरवलंय का?"

"नाही," ती म्हणाली. "सापडलंय."

तिला वाटलं होतं राग येईल. नुसता थकवा आला. चार वर्षांचं सगळं उठणं एकदम अंगावर आल्यासारखं झालं आणि ती चप्पल न काढता आडवी झाली.

रविवारपर्यंत ती भाषण तयार करत होती. चादर रोलरवर सोडताना एक वाक्य, ओढून घेताना दुसरं. शांतपणे सांगायचं, दादाला अपमान वाटू द्यायचा नाही. तो बिचारा बस डेपोत वेळापत्रकं करतो, त्याला तरी हे कुठे माहीत असणार. चूक दोघांची. दोघंही एकाच कपाटातून शिकलो. असं म्हटलं की तो मोकळा होईल आणि हो म्हणेल.

रविवारी जेवणानंतर दादा आला. बिस्किटांचा पुडा आणला होता. आणि नवी गड्डी. चोपन्न वर्षांचा माणूस, पण घरात शिरताना शाळेत उशिरा आलेल्या पोरासारखा दारात रेंगाळला.

"कसे आहेत?"

"तूच विचार."

"बाबा, मी आलोय."

"या," बाबा म्हणाले. "ट्रक किती टनी?"

दादा हसला आणि त्याने टेबलाजवळ खुर्ची ओढली. गड्डीवरचा प्लास्टिकचा कागद फाडत म्हणाला, "सहा आठवड्यांचा प्रश्न आहे ना? मग एक डाव. तू हरलीस तर काहीतरी दुसरी सोय बघू, बाई-बिई ठेवू. मी हरलो तर घेऊन जातो. वहिनीशी बोललोय मी तुझ्या."

"दादा, पानं वाटायच्या आधी एक सांगायचंय. मागच्या डावाचं."

त्याचा हात थांबला.

"इस्पितळातल्या," ती म्हणाली. सगळं भाषण ती विसरली होती. "तुझ्या फ्लशमध्ये तिर्री होती."

बाबांनी मध्येच हात पुढे केला आणि गड्डी दादाच्या हातातून काढून घेतली. अंगठ्याने कड दाबून पाहिली. "जाड आहे," ते म्हणाले, आणि पानं सुलटी करून भराभर निवडायला लागले. दुर्री बाजूला, चौकट पंजी बाजूला, राणी इकडे. चमचा कुठल्या हातात धरायचा ते विसरलेला माणूस, पण बोटं चुकत नव्हती.

धाकटीने वाकून विचारलं, "बाबा, लहान पानं ठेवली तर काय होईल?"

"मग फुल हाऊस वर," बाबा मान वर न करता म्हणाले. "साधं आहे. प्रत्येक रंगाची चार-चार पानं काढली की रंग जमायला अवघड. पण अठ्ठ्या चारच्या चारच राहतात ना? मग तीन-दोन जमणं सोपं. पूर्ण गड्डी असेल तर उलट." मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "तुम्ही काट्यावर नवीन का?"

धाकटीने दादाकडे पाहिलं. आता त्याला कळेल, आता तो कपाळाला हात लावेल, असं तिला वाटलं. पण तो टेबलाकडे बघत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर काही नवीन कळल्याची खूण नव्हती.

"तीन अठ्ठ्या," तो हळूच म्हणाला. "इस्पिक, बदाम, चौकट. किल्वरची राणी आणि चौकटची राणी."

खाली रस्त्यावरून कुणीतरी सायकल ढकलत नेत होतं, तिच्या साखळीचा आवाज येत राहिला. राण्या कुठल्या रंगाच्या होत्या हे धाकटीला स्वतःलाही आठवत नव्हतं. हरलेल्या माणसाची पानं कुणी लक्षात ठेवत नाही. तिला सगळं समजायला तेवढं पुरलं.

"तुला माहीत होतं."

"नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात कळलं होतं," दादा म्हणाला. "डेपोच्या वसतिगृहात. माझा फ्लश, समोरच्याचं फुल हाऊस. आपल्या तक्त्याच्या भरवशावर महिन्याची जेवणाची कुपनं घालवली. सगळे हसले मला."

"त्या दिवशी बाकावर बसून तुला माहीत होतं."

"तू पानं टाकलीस तेव्हाच. मी हरलो असं म्हणायला तोंड उघडलं होतं. आणि तू म्हणालीस, 'बरं.' तू इतक्या पटकन 'बरं' म्हणालीस..." त्याने चष्मा काढला. "दोनच खोल्या होत्या आमच्या. पोरीचं शेवटचं वर्ष. कारणं होती. खोटी नव्हती ती. मी म्हटलं सहा महिन्यांनी सांगू. मग वर्ष झालं. मग सांगायला तोंड राहिलं नाही. तू एकदा जरी नको म्हणाली असतीस ना..."

"आपल्या घरात नको म्हणायला कधी शिकवलं, दादा? पानं वाटायला शिकवलं."

ती ओरडली नाही. ओरडायला अंगात काही शिल्लक लागतं. तिने खुर्ची ओढली, गुडघ्याखाली उशी घेतली आणि बसली. चार वर्षांपूर्वी हे कळलं असतं तर तिने त्याचं तोंड पाहिलं नसतं. आता समोर एक टक्कल पडायला लागलेला माणूस बसला होता, त्याच्या शर्टाचं वरून दुसरं बटण तुटलं होतं, आणि तिला फक्त एवढंच हवं होतं की कुणीतरी तिच्याऐवजी रात्री उठावं.

"बुधवारी माझी शस्त्रक्रिया आहे," ती म्हणाली. "तू त्यांना आज घेऊन जा. आणि सहा आठवड्यांनी मी परत न्यायला येणार नाही. भेटायला येईन. मला बाबा हवे आहेत, दादा, पण मी दमलेय. हे मी पानं न वाटता सांगतेय."

दादाने मान हलवली, हो की नाही ते कळेना.

तेवढ्यात बाबांचं निवडून झालं. त्यांनी लहान पानांचा गठ्ठा धाकटीच्या हातावर ठेवला. "सोळा आहेत. मोजून घ्या." ती मोजायला लागली, सवयीने. सोळा होती. बाबांनी उरलेली गड्डी पिसली, छातीशी धरून, जुन्या ऐटीत, आणि वाटायला सुरुवात केली. दादासमोर एक, धाकटीसमोर एक, स्वतःसमोर एक, आणि कपाटाच्या बाजूच्या रिकाम्या खुर्चीसमोर एक. पुन्हा दादासमोर. चौघांची पाच-पाच पानं झाली तेव्हा त्यांनी रिकाम्या खुर्चीकडे पाहून विचारलं, "ही आत काय करतेय अजून? पोरं खोळंबलीत."

"येतेय," दादा म्हणाला.

त्याने आपली पानं उचलली, पंख्यासारखी धरली, पाहिली. बराच वेळ पाहिली. मग ती मिटून पालथी टेबलावर ठेवली.

"मी हरलो," तो म्हणाला.

या घरात पानं दाखवल्याशिवाय कुणी हरत नसे, जिंकतही नसे. बाबांनी भुवया वर केल्या. "उघडी कर."

"नको, बाबा. हरलो म्हटलं ना."

धाकटीने आपली पानं उचललीच नव्हती. तिने बोट टेकवून ती थोडी पुढे सरकवली आणि उठली. औषधांची पिशवी आधीच भरून ठेवली होती. तिने ती दादाच्या हातात दिली आणि एकेक सांगितलं. पांढरी सकाळी, पिवळी जेवणानंतर, झोपायच्या आधी अर्धी. रात्री साधारण दीडला उठतात, मग चारला. ट्रक आला म्हणाले तर ट्रक गेला म्हणायचं, नाही म्हणायचं नाही. जेवताना खिशावर लक्ष ठेवायचं. घरी कोण आहे असं विचारलं तर खरं सांगायचं. दादा पाकिटाच्या मागे सगळं लिहून घेत होता.

"कुठे जायचंय?" बाबांनी बूट घालून घेताना विचारलं.

"काट्यावर," दादा म्हणाला. "पाळी बदलली."

"मग बरोबर." बाबा उठले. दारात थांबून त्यांनी धाकटीला हात जोडले. "बाई, फार केलंत तुम्ही. आता घरी जा."

जिन्यावरून दोघांची पावलं खाली गेली, एकाची घसटत, एकाची थांबत थांबत. मग फाटक वाजलं.

टेबलावर चार ठिकाणी पाच-पाच पानं पालथी पडली होती. दादाची तिच्यापासून हातभर अंतरावर. उलटवायला काही वेळ लागला नसता. तिच्या मुठीत ती सोळा लहान पानं अजून तशीच होती, घामाने जराशी ओली झालेली. तिने ती टेबलावर ठेवली, त्यांच्यावर दादाची पाच ठेवली, त्यांच्यावर तिची, मग बाबांची, मग आईची, आणि उरलेली सगळी वर. एकही पान सुलटं केलं नाही. बावन्न पानांची गड्डी तिने तीनदा पिसली आणि डबीत घातली. कोण जिंकलं ते आता कुणालाच कधी कळणार नव्हतं. या घरात असं पहिल्यांदाच झालं होतं.

घड्याळात चार वाजायला आले होते. बाबांच्या चहाची वेळ. ती स्वयंपाकघरात गेली, भांडं उचललं, पुन्हा जागेवर ठेवलं. मग खिडकीचा पडदा ओढून, चप्पल काढून ती झोपली.